अकोल्याचं ऊन शिकागोत कामाला येत नाही

प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, माहेर अकोला, अकरा वर्षं शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये. ऑगस्टअखेरच्या शिकागो ट्रायथलॉनमध्ये पहिल्यांदाच ऑलिंपिक अंतर करायचंय, म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं. वजन ५४ किलो, अपेक्षित वेळ साडेतीन तास, सुरुवात साडेआठच्या सुमाराला. सायकलचा बहुतेक सराव तळघरात, ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर. "आम्ही ४५ अंशांत शाळेतून घरी चालत यायचो. इथल्या ३३ अंशांचं एवढं काय? तरी सगळे घाबरवतात. पाणी किती प्यायचं, मिठाच्या गोळ्या घ्यायच्या का, पोहताना रबरी वेटसूट घालायचा का, आणि नवऱ्याने मार्गावर कुठे उभं राहायचं?"

आधी त्या ४५ अंशांबद्दल बोलू. मी नागपूरचा. पंधरा वर्षांपूर्वी हीच गुर्मी डोक्यात घेऊन मी इथे जुलैतल्या एका शर्यतीत उतरलो होतो. सायकल झकास झाली, ठरवल्यापेक्षा चार मिनिटं लवकर. धावताना सहाव्या-सातव्या किलोमीटरला अंगावर काटा आला. ३४ अंशांत थंडी वाजतेय, आणि मला वाटलं, वा, वारा सुटला! पाणी देणाऱ्या एका पोराला माझी चाल बघून शंका आली. त्याने छातीवरचा बिब नंबर, म्हणजे स्पर्धक क्रमांक, विचारला, तर मी त्याला आमच्या धरमपेठेतल्या घराचा जुना लँडलाइन नंबर सांगितला. सहा आकडी. अर्ध्या तासाने बर्फाच्या टबात बसलेलो असताना हे मला कळलं. तेव्हापासून मी लोकांना उन्हात शर्यत करायला शिकवतो, ते मुख्यतः त्या पोराच्या उपकारातून उतराई व्हायला.

माझं चुकलं होतं ते एवढंच: ऊन बाहेरून लागतं असं मी धरून चाललो होतो. शाळेतून चालत येताना ते खरंही असतं. शर्यतीत मात्र भट्टी आपल्या आतच पेटलेली असते. तुम्ही सायकलवर १३० वॅटची ताकद लावता तेव्हा शरीर सहाशेच्या आसपास वॅट जाळत असतं. स्नायूंच्या कामातला जेमतेम पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकी सगळी उष्णता. म्हणजे साडेचारशे-पावणेपाचशे वॅटची शेगडी पोटात घेऊन तुम्ही शिकागोच्या तळ्याकाठच्या लेक शोअर ड्राइव्ह या रस्त्यावरून चालला आहात. ती उष्णता बाहेर टाकायला तासाला सुमारे ७०० मिलिलिटर घामाची वाफ व्हावी लागते. वाफ, बरं का. टपकून रस्त्यावर पडलेला घाम गारवा देत नाही, तो नुसता वाया जातो.

अकोल्याच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत उडून जातो. म्हणून तर तिथे माठाचं पाणी गार होतं आणि कूलर चालतो. इलिनॉयचा ऑगस्ट हा मुंबईच्या जूनचा भाऊ. मैलोन् मैल मक्याची शेतं असतात, आणि भरात आलेला मका पानांतून इतकी वाफ सोडतो की सबंध राज्याची हवा दमट होते. हवामानाच्या ॲपमध्ये तापमान बघू नका, दवबिंदू बघा, म्हणजे हवेत ओलावा किती ते सांगणारा आकडा. तो १५ अंशांच्या (५९ फॅरनहाइट) खाली असेल तर ३० अंशांतही शर्यत सुखाची होते. २१ च्या (७० फॅरनहाइट) पुढे गेला की मी माझ्या लोकांना वेळेचं लक्ष्य सोडायला लावतो. २४ म्हणजे घाम निथळणार, उडणार नाही.

त्यात लेक मिशिगनचं गौडबंगाल. इथले हवामानवाले "तळ्याकाठी गार" असं रोज सांगतात, आणि पूर्वेकडून तळ्यावरचा वारा आला तर ते खरंही असतं. पण नैर्ऋत्येचा वारा जोरात असेल तर तो गारवा पाण्यावरच अडतो आणि आतल्या भागातली तापलेली, मक्याने ओलावलेली हवा थेट काठापर्यंत येते. शर्यतीच्या आदल्या रात्री वाऱ्याची दिशा बघणं म्हणूनच तापमान बघण्याइतकं महत्त्वाचं.

आता लहानपणच्या सवयीचं. उन्हाची सवय शरीराला लागते, पण ती बँकेतल्या ठेवीसारखी राहत नाही. वापर थांबला की तीन-चार आठवड्यांत बहुतेक सगळी उतरते. तुम्ही अकरा वर्षं एसी गाडीतून एसी ऑफिसात जाताय आणि तळघरात पंख्यासमोर सायकल मारताय. अकोला आठवणीत आहे, अंगात नाही. आनंदाची गोष्ट म्हणजे सवय लवकर परतही येते. १० ते १४ दिवस पुरतात. पहिल्या पाच-सहा दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं आणि नाडी खाली येते. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, आणि त्यातून मीठ कमी जातं.

म्हणून शर्यतीच्या आधीच्या तीन आठवड्यांपैकी पहिल्या दोनांत रोज, किंवा निदान दिवसाआड, तासभर उष्ण वेळी हळू पळा. हळू म्हणजे शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकं हळू. इथे सगळे चुकतात. उन्हात नेहमीच्या पेसने पळून बघतात, तिसऱ्या दिवशी आजारी पडतात. कसरतीचे, जोरकस सराव पहाटे गारव्यातच करा. उन्हातला तास हा फक्त शरीराला तापवण्यासाठी. ऑफिसमुळे दुपार जमत नसेल तर तळघरातला पंखा बंद करून सायकल चालवा, पण घरात कुणीतरी असताना. किंवा पळून आल्याबरोबर, घामेजलेल्या अंगानेच, ४० अंशांच्या पाण्याच्या टबात २० मिनिटं बसा, आणि सहा दिवसांत हळूहळू ४० मिनिटांपर्यंत जा. उठताना काठ धरून उठा, चक्कर येते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हा टबाचा उद्योग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. शेवटचा आठवडा विश्रांतीचा.

पाण्याचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्यावरच सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं. "तहान लागायच्या आत प्या, जमेल तेवढं प्या" हा सल्ला तुमच्यासारख्या लहान चणीच्या आणि सावकाश शर्यत करणाऱ्या व्यक्तीला धोक्याचा आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं निघालं. त्यांच्यात ठळकपणे दिसले ते शर्यतीत वजन *वाढलेले*, चार तासांच्या वर वेळ घेणारे. म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेले. सडपातळ, सावकाश माणसाकडे वेळ जास्त, पाण्याचे थांबे तेवढेच, प्रत्येक थांब्यावर दोन पेले, आणि घाम मात्र कमी. हिशोब तुम्हीच करा.

त्यापेक्षा घामाचं माप काढा. शर्यतीसारख्या हवेत तासभर सराव करा. आधी आणि नंतर, अंग कोरडं पुसून, कपड्यांशिवाय वजन घ्या. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे मिलिलिटर घाम, त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवायचं. उदाहरणार्थ ५४ किलोचे ५३.५ झाले आणि मधे ३०० मिलि प्यायलात, तर घाम तासाला ८००. शर्यतीत हा आकडा कमाल मर्यादा समजा, लक्ष्य नव्हे. त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास, तहान सांगेल तसं, घोट घोट. शर्यत संपताना वजन किलोभर कमी भरलं तर काही बिघडत नाही. वाढलेलं भरलं तर बिघडतं. आणि बोटांतली अंगठी घट्ट झाली, मळमळायला लागलं, डोकं ठणकायला लागलं तर पाणी थांबवा. "डीहायड्रेशन झालंय वाटतं" म्हणून आणखी ढोसू नका.

मिठाच्या गोळ्यांबद्दल माझं मत तुम्हाला कंटाळवाणं वाटेल. साडेतीन तासांच्या शर्यतीला त्यांची गरज नाही. शिवाय जास्त पाणी प्यायल्यामुळे खाली गेलेलं सोडियम गोळीने वर येत नाही. लिटरभर घामात अर्ध्या ग्रॅमपासून दीड-पावणेदोन ग्रॅमपर्यंत सोडियम जाऊ शकतं, माणसामाणसात एवढा फरक. टोपीवर आणि कपड्यांवर पांढरे डाग उठत असतील तर तुम्ही खारट घामाच्या. मी स्वतः सायकलवर लिंबू सरबत नेतो: पाऊण लिटरच्या बाटलीत ४० ते ४५ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. मिठातून सहाशेच्या आसपास मिलिग्रॅम सोडियम मिळतं, तासाभराची साखर मिळते, आणि ती बाटली पाच डॉलरची नसते. सायकलवर अशी एक बाटली पुरेल. पन्हं मात्र शर्यतीत नको, कैरीचा आंबटपणा धावताना घशाशी येतो. शर्यतीनंतर हवं तेवढं प्या. (आईने खिशात कांदा ठेवायला सांगितलं असेलच. ट्रायसूटला, म्हणजे शर्यतभर अंगात असणाऱ्या त्या घट्ट सुटाला, खिसा छोटा असतो, एवढंच म्हणतो.)

वेटसूट. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे पाणी ७८ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण साडेपंचवीस अंश, असेल तर चालतो. त्याच्या वर घातलात तर बक्षिसाच्या हिशोबात धरत नाहीत, आणि ८४ पासून बंदीच. पोहणं जिथे होतं त्या मनरो हार्बरचं पाणी ऑगस्टअखेर बहुतेकदा या मर्यादेच्या आतच असतं, त्यामुळे परवानगी मिळेल. पहिली ऑलिंपिक आणि पोहणं हा कच्चा विषय असेल तर घाला, तरंगायला मदत होते. पण लोक पाण्यात तापत नाहीत, रांगेत तापतात. हजारो स्पर्धकांना टप्प्याटप्प्याने सोडतात. बाकीचे काळं रबर गळ्यापर्यंत चढवून उन्हात तासभर उभे. वेटसूट कमरेपर्यंतच चढवा, वरचा भाग पाण्यात उतरायच्या दहा मिनिटं आधी. उतरलात की गळा ताणून आत पाणी घ्या. बाही नसलेला वेटसूट मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि रांगेत उभं असताना खायला एक गोष्ट, ऐकून हसू नका: बर्फाचा गोळा. थर्मासमध्ये सरबतात कुटलेला बर्फ भरून न्या आणि पाण्यात उतरायच्या आधीच्या अर्ध्या तासात तीन-चारशे ग्रॅम खा. आतून थंडावा मिळतो, शरीर तापायला जरा जास्त वेळ लागतो. मोठमोठे खेळाडू याला भारदस्त नावं देतात, आपल्याकडे तो चौपाटीवर मिळतो. सरावात दोनदा करून बघा, काहींच्या पोटाला सोसत नाही.

तुमच्या सुरुवातीच्या वेळेची मला हवेपेक्षा जास्त काळजी आहे. सहाला पाण्यात उतरणारा मुरलेला गडी साडेआठला घरच्या वाटेला लागतो. तुम्ही साडेआठला उतरणार, म्हणजे धावायला लागणार अकराच्या सुमाराला, आणि संपवणार बारा वाजून गेल्यावर. एकाच दिवशी, एकाच मार्गावर त्या दोन शर्यती वेगळ्या असतात. त्याचा अनुभव वाचून आपला वेग ठरवू नका.

सायकल हा सगळ्यात फसवा भाग. रस्ता सपाट, मोकळा, बाजूला निळं पाणी, आणि ताशी २५-२८ चा वारा तुम्ही स्वतःच तयार करत असता. घाम लगेच उडतो, गरम होतच नाही असं वाटतं. मी तिथेच चार मिनिटं कमावली होती. सरावातल्या ताकदीपेक्षा दहा टक्के कमी ठेवा, १३० च्या जागी ११७. वॅट मोजायचं यंत्र नसेल तर पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा. नाडीवर विसंबलात तर हे लक्षात असू द्या: उन्हात त्याच वेगाला ती दहा-पंधरा ठोके वर असते, आणि शेवटाकडे आणखी चढते, कारण रक्ताला स्नायूही सांभाळायचे असतात आणि कातडीही गार करायची असते. तळघरातल्या पंख्यासमोरचे आकडे तिथे लागू नाहीत. काही वर्षी मार्ग लोअर वॅकर ड्राइव्ह या शहराखालच्या, छत असलेल्या रस्त्यावरून जातो. तिथे सावली मिळते, पण डोळे अंधारात गडबडतात आणि रस्त्यात सांधे असतात. गडद चष्मा कपाळावर सरकवा आणि बाटली तिथे काढू नका.

धावणं. सायकल ठेवून निघालात की तो वारा बंद होतो आणि ऊन एकदम अंगावर येतं. पहिले दोन किलोमीटर तुमच्या नेहमीच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट हळू, मन कितीही ओढलं तरी. तळ्याकाठच्या त्या वाटेवर सावली फार थोडी आहे. प्रत्येक थांब्यावर चालत जा. पहिला पेला बर्फाचा: मूठभर टोपीत, मूठभर ट्रायसूटच्या गळ्यातून आत, एकेक खडा दोन्ही तळहातांत धरायला. दुसरा पेला डोक्यावर आणि मानेवर. तिसरा प्यायचा, तोही तहान असेल तर. दमट हवेत अंगावर ओतलेलं पाणी उडत नाही म्हणून त्याचा उपयोग कमी, बर्फ मात्र थेट उष्णता खेचतो. तो वितळून चड्डीत जातो, बुटात जातो, पाय भिजतात. पायांना व्हॅसलीन चोपडून जा. थांब्यांवर दर वेळी वीस सेकंद जातील. ती जाऊ द्यात.

आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये बरं वाटतंय म्हणून जोर लावू नका. उष्माघात हळूहळू उताराने येत नाही, कड्यावरून येतो. २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या ट्रायथलॉनमध्ये ब्रिटनचा जॉनी ब्राउनली पहिला होता. शेवटचं किलोमीटरही उरलं नव्हतं आणि तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला. मागून आलेल्या त्याच्या भावाने, ॲलिस्टरने, त्याला धरून आणलं आणि रेषेपलीकडे ढकललं. तो ऑलिंपिक पदकविजेता, आणि वय २६. अकोल्याचा नव्हता, मान्य, पण तयारीत काही कमी नव्हतं.

शर्यत होईल की नाही, हेही हवेवर आहे. न्यूयॉर्क सिटी ट्रायथलॉन २०१९ च्या जुलैत उष्णतेच्या लाटेमुळे रद्दच झाली, आणि २०२२ मध्ये सायकल आणि धावण्याची अंतरं कमी करून घेतली. शिकागो मॅरेथॉन तर ऑक्टोबरातली, तरी २००७ मध्ये उकाड्यामुळे मधेच थांबवावी लागली. तेव्हा "पैसे भरलेत, थांबवतात कसे" असा वाद स्वयंसेवकांशी घालू नका. त्या आठवड्यात ताप आला, पोट बिघडलं, दोन रात्री झोप झाली नाही, तर उतरू नका. सकाळी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी अजिबात नको, मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. ॲलर्जीची झोप आणणारी गोळी घाम कमी करते, तीही आदल्या रात्री टाळा.

राहिला नवरा. त्याने धावण्याच्या मार्गावर, सातव्या किलोमीटरच्या आसपास उभं राहावं. तोवर जे व्हायचं ते दिसायला लागलेलं असतं. हातात बर्फ, सरबत, ओला टॉवेल काहीही नको. बाहेरच्या माणसाकडून मदत घेणं नियमात बसत नाही, प्रेमापोटी दिलेल्या बाटलीनेही दंड होतो. बर्फ स्वयंसेवकांकडूनच घ्यायचा. त्याचं काम एकच. तुम्ही जवळ आलात की दहा पावलं सोबत चालत एक प्रश्न विचारायचा, आदल्या दिवशी ठरवलेला नाही, नवा. "पोराच्या बाईंचं नाव काय?" "आपली गाडी कुठल्या मजल्यावर लावलीय?" उत्तर पटकन आलं, चिडूनही आलं, तरी ठीक. उत्तर चुकलं, उगाच हसलात, तोंडात शब्द घोळले, पावलं तिरकी पडली, भर उन्हात अंगावर काटा दिसला, तर तिथेच शर्यत संपली. अंग घामाने ओलं आहे म्हणून उष्माघात नाही असं समजू नये. शर्यतीतल्या उष्माघातात बहुतेकदा घाम सुटलेलाच असतो. त्याने तुम्हाला पाणी पाजत बसू नये, गाडीकडे नेऊ नये, "थोडं बस, बरं वाटेल" म्हणू नये. जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारून वैद्यकीय तंबूत न्यावं. तिथे गुदद्वारातून तापमान घेतील. लाजायचं नाही, कानाचं आणि कपाळाचं थर्मामीटर अशा वेळी साफ खोटं बोलतं. ४० अंशांच्या वर निघालं आणि भान गेलेलं असेल तर आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात, रुग्णवाहिका नंतर. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर माणूस बहुधा संध्याकाळी घरी जेवायला असतो.

तुम्ही भांडाल, मला काही झालं नाही म्हणाल. मीही म्हणालो होतो, लँडलाइन नंबर सांगता सांगता. तेव्हा त्याला आत्ताच सांगून ठेवा की त्या दिवशी सातव्या किलोमीटरवर तुमचं ऐकायचं नाही.